उपहार आणि पंक्तिप्रपंच



म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध केलेले लीळाचरित्र वाचू लागले म्हणजे एक गोष्ट पानोपानी दृष्टीस पडते. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे ब्रह्मविद्येचे निरूपण ज्या आदराने तेथे नोंदविलेले आहे, त्याच आदराने त्यांच्या भोजनाची वार्ताही नोंदविलेली आहे. पूजावसर, आरोगणा, गुळळा, फोडी, व्याळी, पहुड, उपहुड हे शब्द इतक्या वेळा येतात की नवख्या वाचकास ती पुनरुक्ती वाटावी. म्हाइंभट हे व्युत्पन्न पंडित होते. ज्याने ज्याने लीळा पाहिली, त्याच्याकडून ती मिळवून, पारखून घेण्यासाठी त्यांनी अपार कष्ट सोसले. असा काटेकोर मनुष्य भोजनासारखी नित्याची गोष्ट टाळत नाही, उलट ती जपून ठेवतो, याचे कारण काय असावे?

कारण असे की, परमेश्वराला भूक नाही. तो नित्यतृप्त आहे. अवतार धारण करून तो अन्नाचा स्वीकार करतो तो स्वतःच्या गरजेसाठी नव्हे, तर जीवाला सेवेचा अवसर मिळावा म्हणून. बाइसांनी पाकसिद्धी करावी, ताट वाढावे आणि स्वामींनी आरोगणा करावी, यात देणारी बाइसा दिसते. वस्तुतः देणारे स्वामीच असतात. घास घेतला जातो तो कृपेने. म्हणून भोजनाची प्रत्येक नोंद ही कृपेचीच नोंद होय आणि म्हाइंभटांच्या लेखी ती पुनरुक्ती नाही.

हा सिद्धांत एकदा मनात ठसला म्हणजे गृहस्थाच्या घरातील चूल, ताट आणि पंगत यांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. प्रस्तुत विवेचनाचा विषय तोच आहे.

शब्दविचार

प्रथम दोन शब्द वेगळे करून घेतले पाहिजेत. श्रीचक्रधर प्रभूंच्या उत्तरापंथे गमनानंतर साधकाला आधार म्हणून चार गोष्टी सांगितल्या जातात: स्थान, प्रसाद, भिक्षू आणि वासनिक. यातील 'प्रसाद' म्हणजे अवताराच्या संबंधाने पावन झालेली वस्तू. मिठाई किंवा खिरापत असा त्याचा अर्थ नव्हे. लोकव्यवहारात देवापुढे ठेवलेल्या प्रत्येक खाद्यपदार्थास प्रसाद म्हणण्याची रीत पडली आहे व ती बोलण्यापुरती चालू शकेल. परंतु विचार करताना घोटाळा होऊ नये. गृहस्थ जे अन्न शिजवून श्रद्धेने परमेश्वरास अर्पण करतो, तो 'उपहार' होय.

दुसरा शब्द 'पंगत'. पंक्ती, पांत, पंगत अशी त्याची रूपे. एका ओळीत बसून जेवणे एवढाच त्याचा वरवरचा अर्थ. परंतु मराठी भाषेने याच शब्दापासून आणखी एक शब्द घडविला आहे आणि तो मोठा मार्मिक आहे. तो शब्द म्हणजे 'पंक्तिप्रपंच'. एकाच पंगतीत बसलेल्या माणसांत वाढताना भेद करणे, एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला कोरडा भात, एकाला साजूक शिरा आणि दुसऱ्याला खरवड, याला पंक्तिप्रपंच म्हणतात. हे दूषण इतके जुने आणि इतके घरोघरचे असले पाहिजे की त्यासाठी भाषेला स्वतंत्र नाव द्यावे लागले.

उपहार आणि पंक्तिप्रपंच या दोन गोष्टी एका घरात एका वेळी नांदू शकतात काय, हा खरा प्रश्न आहे.

श्रीकृष्णचरित्रातील भोजने

श्रीकृष्ण चक्रवर्तींच्या चरित्रात भोजनाचे अनेक प्रसंग आहेत. त्यांतील तीन या ठिकाणी विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला प्रसंग यमुनेच्या वाळवंटातला. भागवताच्या दशम स्कंधात गोपाळांच्या वनभोजनाचे वर्णन आहे. मुलांनी आपापल्या घरून शिदोऱ्या आणल्या होत्या. ताटे नव्हती, कोणी पाने घेतली, कोणी साली, कोणी दगडच पुढे मांडला. कमळाच्या गाभ्याभोवती पाकळ्या असाव्यात तसे ते श्रीकृष्णांभोवती बसले. प्रत्येक जण आपल्या घरच्या पदार्थाची चव दुसऱ्याला दाखवीत होता आणि हसत होता. श्रीकृष्णांच्या डाव्या हातात दहीभाताचा गोळा होता. त्या पंगतीची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. ओळीला पहिले टोक आणि शेवटचे टोक असते, वर्तुळाला नसते. मध्यभागी परमेश्वर असला म्हणजे सर्वांचे तोंड त्याच्याकडे होते आणि अग्रपूजेचा मान कोणाचा हा वादच उरत नाही.

दुसरा प्रसंग त्याच स्कंधातला. भुकेल्या गोपाळांना श्रीकृष्णांनी जवळच यज्ञ करीत बसलेल्या ब्राह्मणांकडे अन्न मागण्यास पाठविले. ब्राह्मण कर्मात इतके गुंतले होते की त्यांनी होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. मग मुलांना त्यांच्या पत्नींकडे पाठविण्यात आले. त्या स्त्रिया घरच्यांचा विरोध न जुमानता चारी प्रकारचे अन्न घेऊन स्वतः धावत आल्या. यज्ञाची वेदी पुरुषांच्या हाती होती, परंतु यज्ञपुरुषाला ओळखले ते चुलीपाशी राबणाऱ्या स्त्रियांनी. पुढे त्या ब्राह्मणांना पश्चात्ताप झाला, असे भागवतकार सांगतात. आपल्या विद्येपेक्षा आपल्या पत्नींची भक्ती मोठी ठरली, हे त्यांना कबूल करावे लागले.

तिसरा प्रसंग महाभारताच्या उद्योगपर्वातला. श्रीकृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुरास गेले असता दुर्योधनाने राजवैभवास शोभेल अशी भोजनाची सिद्धता केली. श्रीकृष्णांनी ती नाकारली. परक्याचे अन्न घ्यावे ते प्रेम असेल तर, अथवा आपत्ती असेल तर. येथे दुर्योधनाच्या ठायी प्रेम नाही आणि आपणांवर आपत्ती आलेली नाही, असे त्यांच्या सांगण्याचे तात्पर्य. ते विदुराच्या घरी गेले व तेथे जेवले. विदुर हा दासीपुत्र होता. पक्वान्ने नाकारली गेली आणि साध्या घरचे अन्न स्वीकारले गेले. परमेश्वर ताट पाहत नाही, ताटामागचा भाव पाहतो, असे आपण सहज बोलून जातो. परंतु या प्रसंगात त्याहून अधिक कठीण अर्थ आहे. भाव नसेल तर परमेश्वर जेवण्यास नकार देतो, हा तो अर्थ होय.

ऋद्धिपूरचे दार

ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य होते. त्यांच्या लीळा ऋद्धिपूरचरित्रात संगृहीत आहेत. प्रभू गावात स्वच्छंद संचार करीत, कोणाच्याही घरी शिरत, हंडीत हात घालीत, आवडेल ते खात. ब्राह्मणाच्या घरी जात, तसेच महारमांगांच्या घरीही जात, तेथे स्पर्श करीत, तेथे अन्न घेत आणि पुन्हा इतरांच्या घरी येत. गावातील आचारनिष्ठ मंडळी यामुळे अस्वस्थ होत. तरीही त्याच गावाने त्यांना आई आणि बाप मानले.

या लीळा वाचून भक्तास गहिवर येतो. परंतु गहिवर येऊन भागत नाही. जो परमेश्वर गावातील एकाही दाराशी थांबून 'हे घर कोणाचे?' असे विचारीत नाही, त्याच परमेश्वरास आपल्या देवघरात उपहार दाखवून आपण पंगतीत मात्र जात विचारावी, यात केवढी विसंगती आहे! भारतीय संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने १९५० मध्ये अस्पृश्यता नष्ट झाल्याचे घोषित केले. कायद्याने दार उघडले. पण वाढणाऱ्याच्या हातातील पळी कायद्याच्या ताब्यात नसते. ती धर्माच्या ताब्यात असते. ज्या मार्गात स्वामींनी भिक्षूला घरांची निवड न करता, चवीची इच्छा न धरता, चारी वर्णांच्या दारी भिक्षा मागण्यास सांगितले, त्या मार्गाच्या अनुयायास तरी याबाबत सबब सांगता येणार नाही.

स्त्रियांविषयीही हेच. लीळाचरित्रात विटाळाचा प्रश्न निघाला असता स्वामींनी तो शरीराचाच एक सहज धर्म असल्याचे सांगून त्यातील अमंगळाची कल्पना दूर केली आहे. महदाइसा बालविधवा होत्या. त्यांच्या प्रश्नांना स्वामींनी जेवढ्या आस्थेने उत्तरे दिली, तेवढ्या आस्थेने त्या काळी विधवेचे म्हणणे कोणी ऐकून घेत नसे. असे असता आजही काही घरांत विटाळाच्या नावाने लेकीसुनांना स्वयंपाकघराबाहेर बसविले जाते, विधवेला मंगल पंगतीपासून दूर ठेवले जाते. ही रीत कोठून आली, ते ज्याने त्याने शोधावे. ती स्वामींकडून आलेली नाही, एवढे निश्चित.

दृष्टांत

एका गावी एक वासनिक गृहस्थ होता. सुगी चांगली झाली म्हणून त्याने घरी पंचावतार उपहार करण्याचे ठरविले. महंत व भिक्षूंना आमंत्रण गेले, नातलग जमले. पुरणपोळी, वरण, भात, कढी, भजी असा स्वयंपाक झाला. पाच ताटे सजवून अर्पण केली, आरती झाली, नामस्मरण झाले आणि पंगत बसली.

महंतांनी पहिला घास उचलण्यापूर्वी इकडेतिकडे पाहिले. गोठ्याच्या भिंतीला टेकून त्या घरचा सालगडी बसला होता. वीस वर्षे तो या घरी राबत होता आणि त्याने उपदेशही घेतलेला होता. त्याच्यापुढे वेगळी पत्रावळ मांडली होती.

महंतांनी विचारले, "पाटील, ही वरणाची डाळ घरच्या शेतातली?"

"होय बाबा. घरचीच."

"पेरली कोणी?"

"आमच्या गड्याने."

"आणि पोळ्या?"

"सुनांनी केल्या. पहाटेपासून चुलीपाशी आहेत."

"ज्यांनी पेरले ते गोठ्यापाशी, ज्यांनी रांधले ते चुलीपाशी. मग ही पंगत कोणाची?"

गृहस्थाची मान खाली गेली. पंगतीत कुजबुज सुरू झाली. तेव्हा गृहस्थाची वृद्ध आई उठली. तिने आपले पान उचलले, गोठ्यापाशी नेऊन मांडले आणि ती त्या सालगड्याशेजारी बसली. "बाबा, ओळ येथून धरा," एवढेच ती म्हणाली. महंत उठले आणि तिच्या पलीकडे जाऊन बसले. त्यांच्यामागून एकेक जण आला. चार नातलग मात्र न जेवता निघून गेले आणि त्यांतील दोघे पुढे कधी त्या घरी आले नाहीत.

पंगत उठल्यावर गृहस्थाने आपल्या सुनांना बसविले व स्वतः वाढावयास घेतले. तेव्हा त्याला दिसले की पुरणपोळीची टोपली रिकामी आहे. बाजूला झाकून ठेवलेल्या कालच्या भाकरी होत्या आणि कढीचा तळ उरला होता.

"हे काय? तुमच्यासाठी पोळी नाही?"

थोरली सून म्हणाली, "मामंजी, पंगत मोठी असली म्हणजे असेच असते."

"आणि लहान असली म्हणजे?"

ती काही बोलली नाही. धाकटीने पदर सावरला आणि भाकरी मोडली. गृहस्थ त्याच घरात पन्नास वर्षे जेवला होता. आपल्यानंतर टोपलीत काय उरते, हे त्याने तोपर्यंत कधी पाहिले नव्हते.

या दृष्टांतात सालगड्याचा पंक्तिप्रपंच सर्वांना दिसला, कारण तो अंगणात होता. सुनांचा पंक्तिप्रपंच कोणालाही दिसला नाही, महंतांनी विचारूनही दिसला नाही, कारण तो भिंतीआड होता आणि त्याला प्रेमाचे, त्यागाचे, घरंदाजपणाचे नाव दिलेले होते. शेवटी बसणारी गृहिणी आपण होऊन शेवटी बसते, असे म्हणण्याची पद्धत आहे. परंतु जिला दुसरी जागाच कधी दाखविली गेली नाही, तिच्या बसण्याला त्याग म्हणावे काय, याचा विवेक करावा.

शंका आणि समाधान

शंका: उपहार परमेश्वरास अर्पण केला की कर्तव्य पूर्ण झाले. मागून कोण कोठे जेवतो, हा लौकिक व्यवहार आहे. त्याचा मोक्षमार्गाशी संबंध काय?

समाधान: एकत्र जेवल्याने मोक्ष मिळतो, असे शास्त्र सांगत नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांत परमेश्वरच मोक्ष देणारा आहे आणि तो ज्ञान व भक्ती यांच्या द्वारा कृपा करतो. परंतु साधकाची योग्यता ज्या गोष्टींनी घटते, त्यांत अहंता ही मुख्य आहे. 'मी आधी, तू नंतर. मी आत, तू बाहेर' ही अहंता दिवसातून दोन वेळा, प्रत्येक घासागणिक पोसली जात असेल, तर देवघरात केलेले नामस्मरण तिला कसे पुरे पडणार? शिवाय गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी स्पष्टच सांगितले आहे की जे केवळ स्वतःसाठी शिजवितात ते पाप खातात. घरातील काही जणांसाठीच शिजविणे हे स्वतःसाठी शिजविण्याचेच थोडे रुंद रूप होय.

शंका: अन्य देवतांचे नैवेद्य, कुळधर्म, नवससायास आपण सोडले. त्यांच्या निमित्ताने सारे कुटुंब एकत्र येत असे. ते सोडल्यावर कुटुंब विखुरते, असा अनुभव आहे.

समाधान: सोडावयाचे होते ते देवतेचे फळ, माणसांचे बसणे नव्हे. ज्या घराने नैवेद्य सोडला आणि उपहार धरला नाही, ते घर रिकामे राहिले, यात दोष अनन्यभक्तीचा नाही. आपला पंथ पंजाबात व पुढे पेशावर, काबूलपर्यंत पोहोचला आणि तेथे जयकृष्णी या नावाने ओळखला गेला. तेथे भाकरीच्या जागी रोटी आली, भाषा बदलली, वेष बदलला. १९४७ च्या फाळणीने तिकडील कुटुंबांना घरदार सोडावे लागले. पदार्थ, प्रदेश आणि भाषा बदलूनही श्रीकृष्णांना अर्पण करणे चालत राहते. यावरून दिसते की उपहाराचे बळ पाककृतीत नाही.

शंका: आता मुले नोकरीनिमित्त शहरात, पाळ्या वेगवेगळ्या, शाळा वेगळ्या. जेवताना कोणी दूरदर्शनसमोर, कोणी मोबाईल हातात धरून. सर्वांनी एकत्र बसावे हे बोलणे सोपे आहे.

समाधान: अडचण खरी आहे व ती नाकारू नये. परंतु जेथे सारे घरी असतात तेथेही ताटे वेगवेगळ्या खोल्यांत जातात, तेव्हा कारण पाळीचे नसते, सवयीचे असते. दिवसातून एकदा जमत नसेल तर आठवड्यातून एकदा जमेल. संख्या महत्त्वाची नाही. त्या वेळी मात्र एकही मनुष्य वगळला जाऊ नये आणि एकाही माणसाचे मन दुसरीकडे असू नये.

गृहस्थाचा आचार

वरील विवेचनाचा आचार असा निष्पन्न होतो. उपहाराच्या दिवशी स्वयंपाक सुरू करण्यापूर्वीच घरातील, गोठ्यातील, शेतातील सर्व माणसांची गणती करावी आणि तेवढ्यांसाठी एकच अन्न शिजवावे. घरच्यांना एक आणि गड्यामाणसांना दुसरे असा भेद चुलीवरच होतो, पुढे पंगतीत तो केवळ दिसतो. दाराशी येणाऱ्या भिक्षूचा व अतिथीचा भाग प्रथम काढून ठेवावा. वाढण्याची पाळी पुरुषांनीही घ्यावी. रांधणारीने एकदा तरी गरम पोळी खावी आणि ती तिला दुसऱ्याने वाढावी. ही गोष्ट ऐकावयास क्षुल्लक वाटते, पण ज्या घरात ती कधीच घडलेली नाही, तेथे ती करून पाहावी म्हणजे किती अवघड आहे ते कळेल.

पानात अन्न टाकू नये. जेवताना निंदा, देण्याघेण्याचे वाद, वाटणीच्या गोष्टी काढू नयेत. भावाभावांत अबोला असेल तर उपहाराच्या पंगतीत त्यांची पाने शेजारी मांडावीत. बोलणे एकदम सुरू होणार नाही. 'मीठ दे', 'पाणी सरकव' एवढे तरी बोलावे लागेल. पुष्कळ घरांतील समेट एवढ्यावरच सुरू झालेला आहे.

आणि सर्वांत शेवटी, वाढणाऱ्याने पंगत उठल्यावर टोपलीत डोकावून पाहावे. काय उरले, कोणासाठी उरले आणि कोण अजून जेवावयाचे आहे, हे पाहिल्याशिवाय हात धुऊ नयेत. उपहाराची परीक्षा देवघरात होत नाही, ती त्या टोपलीपाशी होते. परमेश्वर नित्यतृप्त आहे. पण त्याच्या नावाने मांडलेल्या पंगतीतून एखादा जीव उपाशी अथवा अपमानित उठला, तर तो उपहार दुर्योधनाच्या पक्वान्नांहून वेगळा राहत नाही, आणि त्या पक्वान्नांचे काय झाले हे सर्वांस ठाऊकच आहे.

सर्व वासनिक गृहस्थांच्या घरी अशी पंगत बसो की जिचा मध्य परमेश्वर आहे आणि जिला शेवटचे टोक नाही.

दंडवत प्रणाम.